वायुकोशांचे अस्तर आणि दिवसांचा हिशेब : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक आढावा

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला वैद्यकशास्त्र मुदतपूर्व बाळ म्हणते, आणि २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार अशी सुमारे ३० लाख बाळे एकट्या भारतात जन्मली, म्हणजे जगातल्या अशा दर पाच बाळांपैकी एकाहून थोडी अधिकच. या बाळांच्या जिवाला असलेले धोके अनेक आहेत. जंतुसंसर्ग, अंग गार पडणे, रक्तातली साखर उतरणे, मेंदूतला रक्तस्राव हे सगळे त्यांत येतात. पण जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत सर्वांच्या आधी उभा राहतो तो श्वासाचा धोका, आणि त्याच्या मुळाशी बहुतेकदा सर्फॅक्टंट नावाच्या पदार्थाची कमतरता असते. हा पदार्थ गर्भाच्या फुप्फुसात केव्हा तयार होतो, तो नसेल तर काय घडते, तो बाहेरून देता येतो का आणि गर्भाकडूनच लवकर तयार करवून घेता येतो का, या प्रश्नांची उत्तरे गेल्या शतकात बऱ्याच अंशी मिळाली आहेत. ती उत्तरे भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात वापरायची तर त्यांच्याही आधी एक वरवर अगदी साधा प्रश्न सुटावा लागतो, तो म्हणजे पोटातले बाळ नेमके किती आठवड्यांचे आहे. प्रस्तुत आढाव्याचा रोख मुख्यतः त्या प्रश्नाकडे आहे.

फुप्फुसातील श्वासनलिकांच्या फांद्या जिथे संपतात तिथल्या सूक्ष्म पिशव्यांना वायुकोश म्हणतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग सतत आकसू पाहतो. या ओढीलाच पृष्ठताण म्हणतात. कोश जितका लहान तितका तो उघडा ठेवायला दाब अधिक लागतो, हा लाप्लासचा नियम इथे बाळाच्या विरोधात जातो, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे कोश मुळातच लहान असतात आणि छातीचा पिंजरा इतका मऊ असतो की जोर लावला तर फुप्फुस उघडण्याऐवजी बरगड्याच आत ओढल्या जातात. शरीराच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७० मिलिन्यूटन असतो. सर्फॅक्टंटचा थर त्यावर पसरला की उच्छ्वासाच्या अखेरीस, म्हणजे कोश मिटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो त्याच क्षणी, तो जवळजवळ शून्यावर उतरतो. साबणाच्या पाण्याचा फुगा टिकतो आणि साध्या पाण्याचा टिकत नाही, त्यामागेही पृष्ठभागावरच्या अशाच थराची करामत असते.

या पदार्थाचा सुमारे नऊ दशांश भाग मेदांचा असतो आणि उरलेला प्रथिनांचा. मेदांमध्ये सर्वांत मोठा वाटा डायपामिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिन या रेणूचा असून पृष्ठताण उतरवण्याचे प्रत्यक्ष काम प्रामुख्याने तोच करतो, परंतु तो एकटा पाण्यावर पुरेशा वेगाने पसरत नाही. त्याला पसरवण्याचे आणि प्रत्येक श्वासाबरोबर पुन्हा मांडण्याचे काम बी आणि सी ही दोन प्रथिने करतात, तर ए आणि डी ही प्रथिने मुख्यतः जंतूंपासून संरक्षणाच्या कामी येतात. बी प्रथिन किती मोलाचे आहे हे एका दुर्मीळ आनुवंशिक दोषावरून कळते: ज्या बाळांमध्ये ते मुळीच तयार होत नाही ती बाळे पूर्ण मुदतीची असूनही श्वासाच्या त्रासाने दगावतात.

हा सगळा पदार्थ वायुकोशांच्या भिंतीतल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार करतात. गर्भाच्या फुप्फुसाची वाढ टप्प्याटप्प्याने होते. साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत नलिकांच्या फांद्या फुटत राहतात, त्यानंतर सव्विसाव्या आठवड्यापर्यंत त्या फांद्यांच्या टोकांशी केशवाहिन्या येऊन भिडतात, आणि पुढे ३६ आठवड्यांपर्यंत टोकांच्या पिशव्या रुंदावत जातात. खरे वायुकोश बनण्याचे काम त्याच्या आगेमागे सुरू होऊन जन्मानंतरही काही वर्षे चालते. दुसऱ्या प्रकारच्या पेशी मधल्या टप्प्यात, विसाव्या ते चोविसाव्या आठवड्यांच्या दरम्यान, ओळखू येऊ लागतात आणि त्यांच्यात थरावर थर रचलेले सर्फॅक्टंटचे कण साठू लागतात; पण साठलेला माल पेशीबाहेर पडून कोशात पुरेशा प्रमाणात पसरायला आणखी बरेच आठवडे जातात आणि साधारण पस्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास तो पुरेसा होतो. पूर्ण मुदतीच्या बाळाच्या फुप्फुसात वजनाच्या दर किलोमागे सुमारे १०० मिलिग्रॅम सर्फॅक्टंट असते, तर त्याच्या कमतरतेने श्वसनविकार झालेल्या बाळात ते १० मिलिग्रॅमपेक्षाही कमी भरते.

सातव्या महिन्यातले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही, अशी एक समजूत महाराष्ट्रात सर्वदूर, विदर्भातही, आढळते. वरील कालक्रम पाहता तिला कोणताही शारीरिक आधार नाही; ३४ आठवड्यांच्या बाळाचे फुप्फुस ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा निश्चितच अधिक तयार असते. ही समजूत टिकून राहण्यामागे महिने मोजण्यातला घोळ असावा असे मानायला जागा आहे, कारण ज्या बाळाचे दिवसच नीट माहीत नाहीत ते जगले तर सातव्यातले आणि दगावले तर आठव्यातले ठरवणे मागाहून सोपे जाते.

सर्फॅक्टंट नसलेले बाळ जन्मताच रडू शकते, त्याचा रंगही काही काळ चांगला असतो, आणि म्हणूनच नवख्या नजरेला ते फसवते. थोड्याच वेळात श्वासांचा वेग मिनिटाला साठाच्या वर जातो, नाकपुड्या फुलू लागतात, बरगड्यांखालचा भाग प्रत्येक श्वासाला आत खेचला जातो आणि उच्छ्वासाबरोबर कण्हल्यासारखा बारीक आवाज येऊ लागतो. हा आवाज म्हणजे रडणे नव्हे. बाळ स्वरयंत्राची फट अर्धवट मिटून हवा अडवून धरते, जेणेकरून मिटू पाहणारे कोश थोडे उघडे राहावेत. आजच्या उपचारातला एक मोठा भाग बाळ स्वतः करत असलेल्या याच धडपडीची यंत्राने केलेली नक्कल आहे.

सर्फॅक्टंटच्या शोधाचा इतिहास लांबणीवर पडलेल्या कल्पनांचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये कुर्ट फॉन निरगार्ड यांनी १९२९ साली दाखवून दिले की फुप्फुस हवेने फुगवायला जितका दाब लागतो त्यापेक्षा पुष्कळ कमी दाबात ते क्षारयुक्त पाण्याने भरता येते, म्हणजे विरोध मुख्यतः पृष्ठताणाचा असतो. परंतु या निष्कर्षाकडे पाव शतक फारसे कोणी लक्ष दिले नाही. इंग्लंडमध्ये रिचर्ड पॅटल यांनी १९५५ मध्ये फुप्फुसातून निघणाऱ्या फेसाचे बुडबुडे आश्चर्यकारक रीतीने टिकतात हे नोंदवले, अमेरिकेत जॉन क्लेमेंट्स यांनी १९५७ मध्ये फुप्फुसाच्या अर्काचा पृष्ठताण प्रत्यक्ष मोजला, आणि मेरी एलन एव्हरी व जेरी मीड यांनी १९५९ मध्ये या आजाराने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांत तो पृष्ठताण उतरतच नाही हे सिद्ध केले. तोपर्यंत शवविच्छेदनात वायुकोशांच्या आत दिसणारे गुलाबी, काचेसारखे पटल हेच आजाराचे कारण समजले जात होते. ते परिणाम आहे हे आता कळले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेचौतीस आठवड्यांचा जन्मला आणि याच आजाराने दोन दिवसांच्या आत दगावला, तेव्हा त्या देशातल्या सर्वांत सुसज्ज रुग्णालयांकडेही ऑक्सिजनपलीकडे फारसे काही नव्हते. आज त्या दिवसांच्या आणि सुमारे दोन किलो वजनाच्या बाळाला जिल्ह्याच्या ठिकाणीही वाचवण्याची चांगली आशा असते.

उपचार तीन दिशांनी आले. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी सीपॅप, म्हणजे श्वासमार्गात सतत थोडा दाब टिकवून धरण्याची पद्धत, वापरून दाखवली. १९८० मध्ये जपानचे तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून बनवलेले सर्फॅक्टंट १० बाळांच्या श्वासनलिकेत सोडून त्यांचा श्वास सुधारल्याचे प्रसिद्ध केले, आणि पुढे स्वीडनमध्ये टोरे कुर्स्टेट व बेंग्ट रॉबर्टसन यांनी डुकराच्या फुप्फुसापासून दुसरे औषध बनवले. तिसरी दिशा कालक्रमाने या दोन्हींच्या आगेमागेच सुरू झाली होती, आणि ग्रामीण भारताच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रसूतीच्या सुरुवातीचा अभ्यास करत असताना स्टिरॉइड मिळालेली, एरवी जगलीच नसती इतक्या अपुऱ्या दिवसांची कोकरे श्वास घेताना आढळली. त्यावरून त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी गर्भवतींवर चाचणी घेतली आणि प्रसूतीपूर्वी आईला बीटामेथासोन दिल्यास बाळाचा श्वसनविकार व मृत्यू दोन्ही कमी होतात हे १९७२ मध्ये मांडले. गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथी मुदतीच्या अखेरीस जे कॉर्टिसोल सोडतात त्याचेच काम हे इंजेक्शन आधी करवून घेते: सर्फॅक्टंट बनवणारी विकरे वाढतात, कोशांच्या भिंती पातळ होतात आणि फुप्फुसातले पाणी शोषून घेण्याची क्षमता येते. परिणाम साधारण एक दिवसानंतर दिसू लागतो आणि आठवडाभरानंतर ओसरतो. काही रुपयांच्या या औषधाचा वापर पाश्चात्त्य देशांतही रूढ व्हायला १९९० चे दशक उजाडले, ही वैद्यकाच्या इतिहासातली एक लाजिरवाणी दिरंगाई म्हणावी लागते.

इथून पुढचा भाग थेट विदर्भाशी संबंधित आहे. इतके स्वस्त औषध गावपातळीवर पोहोचवले तर नवजात मृत्यू किती घटतील हे पाहण्यासाठी २०११ ते २०१४ या काळात अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झाम्बिया, पाकिस्तान आणि भारत या सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. भारतातील तिची केंद्रे बेळगाव आणि नागपूर ही होती, आणि एकूण जवळपास एक लाख जन्म तिच्यात मोजले गेले. आरोग्य कर्मचाऱ्यांना डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचे संच दिले होते आणि शेवटच्या पाळीची तारीख माहीत नसेल तर गर्भाशयाची उंची मोजून दिवसांचा अंदाज काढण्यासाठी रंगांचे पट्टे असलेली मोजपट्टी दिली होती. चाचणीचा निकाल धक्कादायक निघाला. सर्वांत कमी वजनाच्या बाळांमधील मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही, आणि सर्व बाळांचा एकत्रित हिशेब केला तर औषध पोहोचवलेल्या भागांत नवजात मृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे साडेतीनने वाढलेले आढळले. मातांमधील संशयित जंतुसंसर्गही वाढला होता.

त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया येथील २९ रुग्णालयांत दुसरी चाचणी घेतली आणि तिच्यातही बेळगावचा सहभाग होता. या वेळी गर्भाचे वय सोनोग्राफीने ठरवले होते, २६ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान लवकरच प्रसूत होण्याची शक्यता असलेल्या स्त्रियाच निवडल्या होत्या, आणि बाळांची काळजी घेण्याची सोय असलेली रुग्णालयेच घेतली होती. २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार औषध मिळालेल्या गटात नवजात मृत्यूचे प्रमाण १९.६ टक्के, तर न मिळालेल्या गटात २३.५ टक्के होते; फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.

दोन्ही चाचण्यांत औषध तेच होते, त्याची मात्राही तीच, दर १२ तासांनी ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने. तरीही निकाल उलटसुलट आले. पहिल्या चाचणीवरून स्टिरॉइड ग्रामीण भागात अपायकारक असते असा निष्कर्ष काहींनी काढला, परंतु तिच्या आकड्यांचा अधिक पटण्यासारखा अर्थ असा की ज्या स्त्रियांना इंजेक्शन मिळाले त्यांच्यापैकी बहुतेकींची बाळे प्रत्यक्षात तितकी अपुऱ्या दिवसांची नव्हतीच. ज्या गर्भाचे फुप्फुस तयार झालेलेच आहे त्याला या औषधाचा काही उपयोग नसतो, त्याची जोखीम मात्र पदरात पडते. आणि ज्याला उपयोग झाला असता ते बाळ जन्मल्यावर त्याला दाबाने श्वास देणारे कोणी जवळ नसेल तर अर्धवट तयार झालेल्या फुप्फुसाचाही फारसा लाभ होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीतही हेच प्रतिबिंब दिसते. २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान हे औषध द्यावे, परंतु गर्भाचे वय खात्रीने माहीत असावे, प्रसूती आठवडाभरात होण्याची दाट शक्यता असावी, आईला जंतुसंसर्ग नसावा, आणि प्रसूतीची व बाळाच्या देखभालीची पुरेशी सोय असावी, अशा अटी तिथे घातल्या आहेत. केंद्र सरकारने २०१४ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार उपकेंद्रातील परिचारिकेलाही (एएनएम) मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा देता येते; धोरण म्हणून ते योग्यच आहे, मात्र ते सगळे त्या एएनएमच्या कार्डावर लिहिलेल्या एका तारखेवर उभे आहे.

ती तारीख भंडारा जिल्ह्यात कशी ठरते हे पाहण्यासारखे आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा सात तालुक्यांचा असून पावसाळ्यातली रोवणी मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या हातांनी होते. रोवणीच्या हंगामात मजुरी बुडवून आरोग्य केंद्रात नोंदणीसाठी जाणे अनेकींना परवडत नाही, त्यामुळे पहिली तपासणी चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत लांबते, आणि तेव्हा शेवटच्या पाळीची तारीख विचारली तर उत्तर पोळ्याच्या आधी किंवा मंडईच्या जत्रेच्या मागेपुढे अशा शब्दांत येते. आशा कार्यकर्ती आणि सिस्टर त्या उत्तरावरून कॅलेंडर चाळून एक तारीख निश्चित करतात, आणि ती कार्डावर लिहिली गेली की तिला आकड्याची निश्चितता येते. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी गेली तर दुसऱ्या तालुक्यात, प्रसंगी गोंदिया किंवा बालाघाट जिल्ह्यात, हेच कार्ड नव्या सिस्टरपुढे येते. दोन आठवड्यांची चूक यात सहज मावते. आणि ३१ व ३३ आठवड्यांच्या फुप्फुसांमध्ये किती अंतर असते हे वरील कालक्रमावरून ताडता येते.

बाळ जन्मल्यानंतरचा टप्पा जिल्हा रुग्णालयातील विशेष नवजात काळजी कक्षाचा, ज्याला सगळे एसएनसीयू म्हणतात आणि नातेवाईक बाळ काचेत ठेवले आहे एवढेच सांगतात. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांच्या २०११ च्या आराखड्यात कृत्रिम श्वसनयंत्र आणि मोठ्या शस्त्रक्रिया वगळून आजारी नवजातांची सर्व काळजी या कक्षाने घ्यावी अशी कल्पना होती. सीपॅप पुढे हळूहळू त्यात आले. बबल सीपॅपची रचना पाहिली तर त्यातले शहाणपण लक्षात येते: बाळाच्या नाकात दोन मऊ नळ्या, त्यांतून आर्द्र केलेली हवा व ऑक्सिजन यांचे मिश्रण, आणि उच्छ्वासाच्या बाजूची नळी पाण्याच्या बाटलीत पाच सेंटिमीटर बुडवलेली. नळी जितकी खोल तितका दाब, आणि बाटलीत बुडबुडे थांबले की नाकाशी गळती आहे हे दुरूनही कळते. ऑक्सिजन मात्र मोजून द्यावा लागतो, कारण त्याचा अतिरेक अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला कायमचे नुकसान करू शकतो.

सीपॅपवरही ऑक्सिजनची गरज वाढत गेली तर सर्फॅक्टंट द्यावे लागते. औषधाची कुपी शीतकपाटात ठेवलेली असते. ती हातात धरून कोमट करतात, फेस होऊ नये म्हणून जोराने हलवत नाहीत, आणि दर किलो वजनाला १०० ते २०० मिलिग्रॅम या हिशेबाने ते पांढरट द्रव श्वासनलिकेत सोडतात. पूर्वी यासाठी जाड नळी घालून बाळाला यंत्रावर ठेवत; आता बाळ स्वतः श्वास घेत असतानाच बारीक नळीने औषध देण्याची पद्धत रूढ होत आहे, आणि तिच्यामुळे फुप्फुसाला होणारी इजा टळते. परंतु हे कौशल्य वारंवार केल्यानेच हातात बसते, आणि एका कुपीची किंमत हजारो रुपयांत जात असल्याने जिल्हा पातळीवर ती नेहमी हाताशी असेलच असे नाही. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी बकरीच्या फुप्फुसापासून स्वस्त सर्फॅक्टंट बनवून त्याची बहुकेंद्री चाचणी सुरू केली होती, पण ठरवलेल्या संख्येच्या अगदी थोड्या बाळांवरच ती बंद झाली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालावरून काही ठाम म्हणता आले नाही. अशा परिस्थितीत अधिक उपचारांची गरज असलेल्या बाळाला नागपूरला नेण्यावाचून इलाज नसतो. भंडारा शहरापासून ते अंतर साठेक किलोमीटर असले तरी साकोलीकडून ते शंभराच्या आसपास जाते, आणि वाटेत गार पडलेल्या बाळाच्या फुप्फुसात उरलेसुरले सर्फॅक्टंटही नीट काम करत नाही.

याच जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयातील एसएनसीयूला ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे लागलेल्या आगीत १० बाळांचा मृत्यू झाला आणि ७ बाळांना बाहेर काढता आले. त्या घटनेनंतर अग्निसुरक्षेच्या तपासण्यांची चर्चा राज्यभर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचा एक पैलू लक्षात घेण्यासारखा आहे: वॉर्मर, ऑक्सिजन, सीपॅप या प्रत्येक उपकरणाने बाळाचे जगणे शक्य होते आणि त्याच वेळी ऑक्सिजनने भरलेल्या खोलीतला विजेचा भार वाढत जातो. नवी यंत्रे पुरवताना त्या खोलीची वायरिंग, बाहेर पडण्याच्या वाटा आणि रात्रपाळीचे मनुष्यबळ यांचा खर्च उपचाराच्या खर्चात धरला जात नाही, तोवर जिल्हा पातळीवर सर्फॅक्टंट पोहोचवण्याच्या योजना अर्धवटच म्हणाव्या लागतील.

शेजारच्या गडचिरोलीतून मिळालेला पुरावा या चित्राला दुसरी बाजू देतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. त्यात सीपॅप नव्हते आणि सर्फॅक्टंटही नव्हते, होती ती ऊब, स्तनपानाला मदत आणि जंतुसंसर्गाची वेळीच ओळख व उपचार. याचा अर्थ फुप्फुसाचा प्रश्न गौण आहे असा नाही. ३२ आठवड्यांच्या पुढच्या बाळांपैकी पुष्कळ जण श्वासाच्या त्रासातून निभावून इतर कारणांनी दगावत होते, असा तो आहे. २८ आठवड्यांच्या बाळाला मात्र केवळ उबेने तारता येत नाही. बाळ नेमके कोणत्या गटात मोडते हे ठरवल्याशिवाय या दोन मार्गांमध्ये निवड करता येत नाही, आणि इथेही अडते ते दिवसांच्या हिशेबावरच.

गर्भाचे वय ठरवण्याची सर्वांत भरवशाची पद्धत पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी ही असून तिच्यात गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजली की अंदाज आठवड्याच्या आत येतो. शेवटच्या तीन महिन्यांत तीच चूक दोन-तीन आठवड्यांपर्यंत जाते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला चालणारे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या गर्भवतींसाठी आखलेले आहे, म्हणजे सरकारी व्यवस्थेतली तज्ज्ञ तपासणी अनेकींना मिळते ती वयनिश्चितीची सर्वोत्तम वेळ टळून गेल्यावर. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याने सोनोग्राफी यंत्रांवर घातलेली बंधने आवश्यकच आहेत, परंतु त्यामुळे नोंदणीकृत यंत्र आणि ते चालवण्याची पात्रता असलेला डॉक्टर तालुक्याच्या गावी एकत्र सापडणे अवघड होऊन बसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत भंडाऱ्याचाही समावेश आहे. तिथे क्ष-किरणशास्त्र, प्रसूतिशास्त्र आणि बालरोग या विभागांची पदे पूर्ण भरली गेली तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच सोनोग्राफीची पहिली तारीख कार्डावर चढवण्याचे काम पवनी, लाखांदूर, साकोली आणि तुमसर येथील रुग्णालयांपर्यंत नेता येणे शक्य होईल.